दुखण्याची आणेवारी : घरच्या बाजेवर असलेल्या रुग्णाची सेवा करायला निघताना

मोठ्या दवाखान्यातून माणूस गावी परत येतो तेव्हा त्याच्यासोबत कागदांची एक पिशवी असते. त्यात स्कॅनच्या फिल्म असतात, बायोप्सीचा रिपोर्ट असतो आणि शेवटच्या पानावर "घरी ठेवून काळजी घ्या" अशा अर्थाची एक ओळ. घरचे ती पिशवी आपल्या हातात देतात आणि विचारतात, "आता काईच होत नाई का जी?"

मी नर्स आहे. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत अशा घरी जाण्यात माझी बरीच वर्षं गेली. या प्रश्नाला माझं उत्तर दरवेळी एकच असतं, की होतं, पुष्कळ होतं. आजार जाणार नाही, पण दुखणं उतरतं, जखमेचा वास जातो, रात्री झोप लागते, आणि नातवंडं पुन्हा बाजेजवळ येऊन बसतात. याच कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, सरकारी कागदांत उपशामक सेवा. कर्करोग, पक्षाघात, निकामी झालेली किडनी, जुना दमा, थकलेलं हृदय, म्हातारपणातलं विस्मरण, आपल्याकडचा सिकलसेल, या सगळ्यांत ती लागते. शेवटचा आठवडा उजाडायची वाट पाहू नये. आजार बरा होणारा नाही हे कळलं त्याच दिवसापासून ती सुरू करता येते, उपचार चालू असले तरी.

आशाताई, उपकेंद्रात नव्याने आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, बचत गटातल्या बाया, गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते, ज्यांना पहिल्यांदाच अशा घरी जायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी आपल्या मागे डॉक्टर कोण आहे ते नक्की करा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून सांगा की गावात असे चार रुग्ण आहेत, मी जाणार आहे, अडलं तर फोन करीन. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा कक्ष चालतो का, मॉर्फिनच्या गोळ्या जवळात जवळ कुठे मिळतात, हे रुग्ण कळवळण्याआधी माहीत असायला हवं. मी सुरुवात केली तेव्हा हे विचारून ठेवलं नव्हतं. एका बाईंचं दुखणं अनावर झालं आणि गोळी कुठे मिळेल हे शोधण्यात तीन दिवस गेले. ते तीन दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे.

एक शंभरपानी वही घ्या, प्रत्येक रुग्णाला वेगळी, आणि ती रुग्णाच्या घरीच ठेवा. पिशवीत हातमोजे, पट्टी, स्वच्छ कापडाच्या घड्या, कात्री, थर्मामीटर, टॉर्च, साबण आणि कागदी टेप. एवढ्यावर पहिले सहा महिने निभतात.

वेळेचं भान ठेवा. पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीच्या हंगामात सकाळी घरात रुग्णाशिवाय कोणी भेटत नाही. बाजाराच्या दिवशीही तेच. सेवा करणारी सून किंवा बायको भेटली नाही तर निम्मी भेट वाया जाते, म्हणून संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास जा.

पहिली भेट

बसा. उभ्याउभ्या बोलू नका. बाजेच्या कडेला जागा असेल तर विचारून तिथे बसा, नाही तर खाली सतरंजीवर. पिशवीतलं सामान लगेच काढू नका. दिलेला चहा घ्या. कर्करोगाच्या घरात शेजारी पाणीसुद्धा पीत नाहीत असं मी पाहिलं आहे, त्यामुळे तुमच्या हातातला कप घरच्यांना खूप काही सांगून जातो.

मग रुग्णालाच विचारा, "आबाजी, सगळ्यात जास्त तरास कायचा होते?" उत्तर आपल्याला वाटतं ते नसतं. गालाला भोक पडलेल्या एका गृहस्थांना मी हा प्रश्न केला तेव्हा ते जखमेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, धाकटीचं लग्न ठरत नाही, माझ्या वासापायी पाहुणे ओसरीतूनच परत जातात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हे अशा रुग्णांचं सेवाघर सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी हेच मांडलं होतं की दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मन, घर-पैसा आणि श्रद्धा हे सगळं गुंतलेलं असतं. त्या गृहस्थांचा वास आधी घालवायला हवा होता. तो गेला तेव्हा दुखण्याचीही तक्रार कमी झाली.

बहुतेक घरांत कोणीतरी तुम्हाला दारातच गाठून सांगेल, "मायले सांगू नोका, धसका घेईन थे." त्यांच्याशी वाद घालू नका. ते मायेपोटी बोलत असतात. एवढंच म्हणा की मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग रुग्णाला विचारा, "तुम्हाला काय झालं असं वाटते?" दहा घरांतल्या आठ घरांत माय सगळं ओळखून असते आणि लेकराला धसका बसेल म्हणून गप्प असते. दोघं एकमेकांपासून लपवत असतात. हे हळूच एकमेकांना कळू द्यायचं, एका भेटीत उरकायची घाई करायची नाही.

आणेवारी

दुखणं मोजल्याशिवाय औषध नाही. शहरात शून्य ते दहा आकडे विचारतात. आपल्याकडे जुन्या माणसांना आणे विचारा. ज्याने उभा जन्म पिकाची आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांपैकी पीक किती आण्यांचं आलं हा अंदाज, ऐकण्यात काढला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काहीच दुखत नसेल तर शून्य, याहून जास्त दुखूच शकत नाही असं वाटलं तर पुरा रुपया, म्हणजे सोळा आणे. "अज किती आणे, आबाजी?" "बारा. रात्री तं पुरा रुपया." पिकाची आणेवारी चढली तर आनंद, ही उतरली तर आनंद, एवढा फरक लक्षात ठेवा. तरुणांना आणे ठाऊक नसतात, त्यांना दोन्ही हातांची बोटं दाखवायला सांगा. बोलता न येणाऱ्याच्या कपाळाच्या आठ्या, कूस बदलताना होणारं कण्हणं, हात लावला की अंग चोरणं, हे पाहा.

रोज, त्याच वेळी, वहीत लिहा. कुठे दुखतं, ठणकतं की जळतं की वीज चमकते, कशाने वाढतं, झोप किती झाली. जळजळ आणि चमक ही मज्जातंतूच्या दुखण्याची खूण असते, त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून रुग्णाचा शब्द तसाच्या तसा लिहा. तुमची ही वही पाहूनच डॉक्टर डोस बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्या घालून दिल्या. हलक्या दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी गोळी, मधल्याला ट्रॅमाडॉलसारखी, तीव्र दुखण्याला मॉर्फिन. गोळी तोंडाने द्यायची आणि घड्याळ पाहून द्यायची, दुखायला लागायची वाट पाहायची नाही. गावात नेमकं याच्या उलट चालतं. "दुखलं का देतो" म्हणतात, आणि गोळी उतरेपर्यंत दुखणं सोळा आण्यांवर गेलेलं असतं. आणखी एक धोका सांगते. मेडिकल स्टोअरच्या "दुखीच्या गोळी"त बहुतेकदा पॅरासिटामॉल आधीच असतं. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या चोवीस तासांत आठच्या वर जाऊ नयेत, अशक्त माणसाला त्याहूनही कमी. म्हणून घरातली सगळी पाकिटं एका ताटात ओता आणि नावं वाचा.

मॉर्फिनची भीती

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन इतकं अडचणीचं झालं की डॉक्टर ते ठेवायलाच धजत नसत. २०१४ साली कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरी गावापर्यंत ते अजून नीट पोचलेलं नाही, याचं मला दर आठवड्याला वाईट वाटतं. तालुक्याच्या दवाखान्याला ही मान्यता घ्यायला लावणं हेही आपलंच काम आहे. अर्ज डॉक्टरांनी करायचा, पण पाठपुरावा ग्रामसभेचा ठराव घेऊन आपल्याला करता येतो.

डोस डॉक्टरच ठरवतील. तुम्ही वेळ सांभाळायची. साधी गोळी दर चार तासांनी लागते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाला बहुतेक वेळा दुप्पट लिहून देतात, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. घरात घड्याळ नसेल तर म्हशीचं दूध काढणं, दहाची एसटी, दुपारचा आराम, दिवेलागण आणि निजानीज, याला गोळ्या बांधून द्या. आगपेटीच्या पाच रिकाम्या डब्यांवर सूर्य-चंद्राची चित्रं काढून एका सुनेने हे इतकं बिनचूक चालवलं की मी तीच पद्धत पुढे सगळीकडे नेली.

मॉर्फिन सुरू झालं की शौचाला कडक होणारच. शौच साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून सुरू करून घ्या. हे विसरलं तर रुग्ण आठवड्याभरात मॉर्फिनच नको म्हणतो. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती ओसरते. रुग्ण हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, बाहुल्या टाचणीएवढ्या दिसत असतील तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. लघवी कमी होणाऱ्या, किडनी बिघडलेल्या रुग्णात याकडे दुप्पट लक्ष ठेवा.

घरचे विचारतील, "मॉर्फिन देल्लं म्हंजे आता संपलं का?" त्यांना सांगा की दुखण्यासाठी योग्य डोसात दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही, आणि त्याचं व्यसनही सहसा लागत नाही. गोळ्या कुलपात ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका, मोजून वहीत लिहा.

जखम आणि वास

आपल्या भागात खर्ऱ्यामुळे, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीमुळे, तोंडाचे कर्करोग फार. गालाची, जबड्याची जखम उघडी पडते. रुग्णाला खर्ऱ्यावरून बोलू नका. ते त्याने स्वतःला शंभरदा बोलून घेतलेलं असतं.

एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ. याच पाण्याने जखम धुवा. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, हे पाणी ओतून भिजवायची आणि सुटेल तशी काढायची. पट्टी बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी दिलेली असावी. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरायची. गोळी स्वस्त आहे, दोन-चार दिवसांत घरातला वास उतरतो. डॉक्टरांना विचारून सुरू करा. हळद, चुना, शेण, राख, रॉकेल, काही लावू नका. कापसाच्या मुलखात राहून विकतच्या गॉजवर पैसे घालवायची गरज नाही. जुनं सुती लुगडं किंवा धोतर धुऊन त्याच्या घड्या करायच्या, डब्यात घालून प्रेशर कुकरमध्ये पाण्याला न लागता वीस मिनिटं वाफवायच्या आणि कोरड्या ठेवायच्या.

माश्या बसल्या की अळ्या होतात. घरच्यांना याची इतकी लाज वाटते की ते लपवतात. तुम्ही चेहरा बदलू देऊ नका. टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात आणि चिमट्याने काढता येतात, पण हे पहिल्यांदा प्रशिक्षित नर्ससोबतच करा. नंतर जखम कायम झाकलेली आणि दिवसाही मच्छरदाणी.

मानेजवळच्या जखमेतून कधीकधी एकदम रक्त येतं. हे आधीच सांगून ठेवावं लागतं. उशाशी एक जाड लाल किंवा गडद रंगाचा टॉवेल ठेवायला सांगा. रक्त आलं तर तो दाबून धरायचा, कुशीवर करायचं, जवळ बसायचं. पांढऱ्या कापडावर तेवढंच रक्त कितीतरी जास्त दिसतं आणि रुग्ण घाबरतो.

तोंड, नळी, बाज, धाप

तोंड दर चार तासांनी स्वच्छ करा. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, चूळ भरता येत नसेल तर ओल्या मऊ फडक्याने पुसा. पांढरे चट्टे दिसले तर बुरशी आहे, औषधाने जाते. नाकातून नळी असेल तर नाकाशी तिची खूण जागेवर आहे ना ते प्रत्येक वेळी पाहा, पाठ उंच करून बसवा, गाळलेलं वरणाचं पाणी, दूध, आंबील सावकाश सोडा, शेवटी साधं पाणी, आणि अर्धा तास आडवं करू नका. नळी निघाली तर घरी घालू नका.

बाजेला झोळ पडला असेल तर अदवान, म्हणजे पायथ्याची दोरी, ताणून घ्या. झोळात माकडहाडावर सगळा भार येतो आणि तिथेच कातडी जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची. लाल झालेली जागा चोळू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखालची खोली भट्टी होते, तेव्हा बाज ओसरीत किंवा झाडाखाली आणा, घामाने भिजलेली चादर लगेच बदला.

धाप लागली तर उशांवर उंच बसवा, चेहऱ्यावर हातपंख्याने वारा घाला. वाऱ्याने धाप खरंच कमी वाटते. ऑक्सिजनचं प्रमाण नीट असेल तर सिलिंडरपेक्षा पंखा आणि डॉक्टरांनी दिलेलं थोडं मॉर्फिन जास्त उपयोगी पडतं.

घर

सेवा करणाऱ्या बाईला बाजूला घेऊन विचारा, तू जेवलीस का, रात्री किती झोपलीस. हा प्रश्न तिला बहुधा महिन्यांत कोणी विचारलेला नसतो. शेजारच्या दोघीतिघींनी आठवड्यातून चार तास बसायचं ठरवलं तर ती बाजार करून येते, डोकं धुते. केरळात १९९३ नंतर कोझिकोडपासून शेजाऱ्यांच्या बळावरच हे काम गावोगाव पसरलं. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळं आहेत, बुद्धविहारातली मंडळं आहेत, बचत गट आहेत. माणसं आहेत, मागायला संकोच करू नका. सेवेपायी लेकीची शाळा बंद पडली आहे का तेही बघा.

एक गोष्ट नीट कान देऊन ऐका. "औषध पिऊन घेतो" याचा आपल्याकडे काय अर्थ आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. हे वाक्य किंवा याच्या जवळपासचं काही कानावर आलं तर विषय बदलू नका. शांतपणे सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने विचार वाढत नाही, माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. रुग्णाला एकटं ठेवू नका, डॉक्टरांना कळवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो. आणि दुखण्याची आणेवारी पुन्हा काढा. बऱ्याच वेळा जगणं नको नसतं, ते दुखणं नको असतं.

पैशाचं थोडक्यात. शस्त्रक्रिया-केमोसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, ६५ वर्षांखालच्या निराधार रुग्णासाठी संजय गांधी निराधार योजना, त्यावरच्यांना श्रावणबाळ. तहसीलच्या चकरा रुग्णाच्या घरच्यांना मारायला लावू नका, मंडळातल्या एखाद्या तरुणावर ते काम सोपवा.

श्रद्धा

रुग्णाला काय हवं ते विचारा. कोणाला सामुदायिक प्रार्थना ऐकायची असते, कोणाला त्रिसरण-पंचशील, कोणाला कुराणाची आयत. मेळघाटात भुमकाला, म्हणजे आदिवासींच्या मांत्रिक-वैदूला, बोलावतील, त्याच्याशी भांडू नका, गोळ्या चालू ठेवायला त्यालाच सांगायला लावा. आपला देव आपल्या पिशवीतून काढायचा नाही. "मी कोणाचं काय वाईट केलं?" असं कोणी विचारलं तर उत्तर शोधू नका. हात धरून बसा.

शेवटचे दिवस

माणूस खायचं सोडतो, पाणीही नको म्हणतो, जास्त वेळ झोपतो, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घरच्यांना हे आधी सांगा, म्हणजे रात्री दोनला १०८ बोलावून तालुक्याला नेण्याची धावपळ होणार नाही, जर रुग्णाला घरीच राहायचं असेल तर. "सलाईन लावा" हा हट्ट सगळीकडे होतो. या टप्प्यात सलाईनने ताकद येत नाही, अंगावर सूज आणि छातीत घुरघुर वाढते. भुकेने जातोय असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की जाणाऱ्या शरीराला भूक लागत नाही. ओठ ओले करत राहा, तुळशीचं पान किंवा गंगाजल ओठांना लावू द्या, घशात ओतू देऊ नका. घुरघुर झाली तर कुशीवर करा, त्यासाठी औषधही मिळतं. गिळता येत नसेल तर मॉर्फिन अचानक बंद करू नका, कातडीखाली देण्याची सोय डॉक्टरांना विचारा. रुग्णाला ऐकू येत असेल असंच समजून त्याच्याजवळ बोला. वाटणीचं भांडण बाहेर.

नंतर

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायला लावा. विधवेला पुढे सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीपासून बँकेपर्यंत सगळीकडे तो दाखला लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज तहसीलला. उरलेलं मॉर्फिन मोजून, वहीत लिहून, जिथून आणलं तिथे परत द्या.

तेरवीला गर्दी असते, तेव्हा गेलात तरी बोलणं होत नाही. महिन्याभराने एकदा जा, आणि मग पहिल्या पोळ्याला किंवा आखाजीला, जो सण आधी येईल त्या दिवशी. मृत्यूनंतर आपल्याकडे ठेवलेली वही जाताना घेऊन जा. एका घरी मी अशी गेले तेव्हा सुनेने वही मागून घेतली आणि शेवटची पानं काढली. तिथे तिच्याच हाताने लिहिलं होतं, दोन आणे, दोन आणे, एक आणा.